ड्रॉपर पुन्हा पुन्हा अडकतोय? पोस्ट उघडण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. नवा ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे हँडलबारवरचा लिव्हर दाबून सीट वर-खाली करता येणारा सायकलचा पोस्ट, बसवला तेव्हा लिव्हर दाबताच सीट टक्कन वर यायची. मग ती आळसावली. आधी शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर यायला वेळ लागायला लागला, मग हाताने ओढावी लागायला लागली. सर्व्हिसिंग करून आणली, पुन्हा झकास. आणि थोड्याच राइडनंतर परत तेच. शेवटी माणूस वैतागतो आणि ठरवून टाकतो की पोस्टच्या आतलं कार्ट्रिज (सीटला वर ढकलणारा आणि धरून ठेवणारा भाग) गेलं, नवीन घ्यायला हवं.

कार्ट्रिज जातं, नाही असं नाही. पण जो बिघाड दुरुस्त होऊन परत परत येतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा पोस्टच्या पोटात नसतं. ते पोस्ट आणि फ्रेम जिथे एकमेकांना धरतात तिथे असतं, नाहीतर लिव्हरपासून पोस्टच्या बुडापर्यंत गेलेल्या केबलमध्ये. सर्व्हिसिंगच्या निमित्ताने पोस्ट बाहेर निघतो, पोस्टला फ्रेममध्ये धरणारा क्लॅम्प सैल होऊन पुन्हा आवळला जातो, केबल नव्याने लागते, म्हणून काही दिवस बरं चालतं. मूळ कारणाला मात्र कुणी हात लावलेला नसतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम केल्या तर सीट सुटते, पण कशामुळे सुटली ते कळत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी क्लॅम्प सैल करून बघा

सीट खाली करा, सीट क्लॅम्पचा बोल्ट अर्धा-पाऊण फेरा सैल करा आणि लिव्हर दाबा. सीट झटकन वर आली तर कार्ट्रिजचा विषय तिथेच संपला. क्लॅम्प पोस्टचा गळा आवळत होता. ही चाचणी करताना सीटवर बसू नका, अख्खा पोस्ट फ्रेममध्ये खाली सरकेल. हाताने दाबून बघणं पुरेसं आहे.

असं का होतं? ड्रॉपरची बाहेरची नळी पातळ असते. तिच्या वरच्या टोकाला, कॉलरच्या (तोंडावरच्या फिरत्या कड्याच्या) जरा खाली, आतून बुश, म्हणजे आधार देणारी बांगडी, बसवलेला असतो आणि आतली चकचकीत नळी त्यातूनच वर-खाली सरकते. फ्रेमचा क्लॅम्प साधारण त्याच उंचीवर येतो. तो गरजेपेक्षा जास्त आवळला की बाहेरची नळी केसभर दबते आणि बुश आतल्या नळीला चावायला लागतो. साध्या सीटपोस्टला असा अत्याचार चालून जातो, कारण त्याच्या आत काही हलतच नाही. ज्यांनी आयुष्यभर साधा पोस्ट वापरला त्यांचा हात म्हणूनच इथे जड पडतो.

बहुतेक फ्रेमना ४ ते ६ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. नेमका आकडा क्लॅम्पवर कोरलेला असतो किंवा पोस्टच्या माहितीपत्रकात असतो. दोन्हीकडे वेगळे आकडे असतील तर लहान आकडा धरा. क्लॅम्पवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं काही नाही. लहान टॉर्क रेंच नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून आवळा. लांब बाजूने हाताला अंदाज राहत नाही.

आता खरा प्रश्न. इतका आवळावा का लागतो? कारण कमी आवळला तर पोस्ट फ्रेममध्ये खाली घसरतो. हाच तो चक्रव्यूह: घसरतो म्हणून आवळला, आवळला म्हणून अडकला, अडकला म्हणून सर्व्हिसिंगला गेला, तिथे योग्य टॉर्कवर बसवला, पुन्हा घसरला, पुन्हा आवळला. या साखळीत घसरणं थांबवायला हवं, आणि ते क्लॅम्पने थांबवायचं नसतं.

पोस्ट बाहेर काढा आणि बाहेरच्या नळीकडे उजेडात नीट बघा. क्लॅम्पच्या उंचीवर एक चकाकणारा पट्टा आणि त्याखाली उभे ओरखडे दिसले तर घसरण जुनी आहे. क्लॅम्पच्या फटीसमोर अर्धचंद्रासारखी खूण उमटली असेल तर क्लॅम्प एकाच जागी दाब देतोय. फ्रेमच्या नळीची आतली बाजू कापडाने पुसून काढा. बोटाला जुनं काळं ग्रीस, चिखल आणि बारीक वाळू यांचं मिश्रण लागेल. ते सगळं काढून टाका. मग पोस्टच्या बाहेरच्या नळीला घर्षण वाढवणारी पेस्ट लावा, जी कार्बन पेस्ट या नावाने मिळते. तिच्यात बारीक कण असतात, त्यामुळे कमी टॉर्कवरही पोस्ट पकड धरतो. नाव कार्बनचं असलं तरी ॲल्युमिनियम फ्रेममध्येही ती चालते. कार्बन फ्रेममध्ये तर इथे ग्रीस लावूच नका. पेस्ट फक्त फ्रेमच्या आत जाणाऱ्या भागाला लागली पाहिजे. सरकणाऱ्या चकचकीत नळीला तिचा एक कणही लागता कामा नये, नाहीतर सील आणि बुश घासले जातील.

पेस्ट लावूनही घसरत असेल तर मापाचा संशय घ्या. ३१.६ मिमीच्या फ्रेममध्ये ३०.९ मिमीचा पोस्ट डोळ्यांना बरोबरच दिसतो. फरक ०.७ मिमीचा आहे, पण तेवढा भरून काढायला क्लॅम्प पिळावाच लागतो. तिथे शिम (फट भरणारी पातळ नळी) घालणं हाच उपाय, आणि ती बाजारात तयार मिळते. घसरतोय की नाही याची खात्री नसेल तर फ्रेमच्या तोंडाशी पोस्टवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. राइडनंतर टेप फ्रेमच्या आत गेली किंवा गोळा झाली तर उत्तर मिळालं.

केबल: निम्म्या तक्रारी इथे सुटतात

क्लॅम्प सैल करूनही सीट रेंगाळते? मग पोस्ट बाहेर काढायचा. आतून केबल जाणाऱ्या फ्रेममध्ये हे एकट्याने करताना घाई नको. एका हाताने पोस्ट वर ओढायचा, दुसऱ्या हाताने हँडलबारकडचं आउटर (केबलवरचं आवरण) फ्रेममध्ये ढकलत राहायचं. पोस्ट नुसताच खेचला तर बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस बसतो तिथे) आउटर ताणलं जातं आणि तिथेच त्याला घडी पडते.

पोस्ट हातात आल्यावर केबल सोडवा आणि बुडाचा ॲक्च्युएटर, म्हणजे केबल जो ओढते तो छोटा भाग, अंगठ्याने किंवा ॲलन कीच्या टोकाने दाबा. सीट जोरात वर येते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा आणि सीट दुसऱ्या हाताने धरा. हातात पोस्ट सुरेख चालत असेल, तर त्यात काही बिघाड नाही. दोष केबलचा आहे.

केबलचे दोन दोष असतात आणि त्यांची लक्षणं उलटी असतात. केबल सैल असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही सीटला मोकळं करणारा आतला व्हॉल्व्ह अर्धवटच उघडतो. मग सीट हळू येते, किंवा खाली ढकलायला जोर लागतो. केबल जास्त ताणलेली असेल तर लिव्हर सोडल्यावरही व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मग सीटवर बसलं की ती हळूहळू खाली खाली जाते. हे दुसरं लक्षण दिसलं की लोक थेट कार्ट्रिज मागवतात. त्याआधी बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारा फिरता स्क्रू) दोन-तीन फेरे आत घ्या आणि पुन्हा बसून बघा. लिव्हरला सुरुवातीला एक-दोन मिलिमीटर मोकळी हालचाल असावी, त्यानंतर केबल ओढली जावी. ही मोकळी हालचाल नसेल तर कार्ट्रिज नवीन असो की जुनं, सीट खाली जाणारच.

आणखी एक चाचणी आहे, कुणी फारशी करत नाही. सायकल जागेवर उभी ठेवून हँडलबार एका बाजूला पूर्ण वळवा आणि कोपराने सीटवर भार द्या. मग दुसऱ्या बाजूला वळवून तसंच करा. एका बाजूला सीट खाली जाते आणि सरळ असताना जात नाही, असं झालं तर हँडलबारपासून फ्रेमपर्यंतचं आउटर आखूड कापलेलं आहे. वळताना ते ताणलं जातं आणि व्हॉल्व्ह उघडतं. वळणावर सीट आपोआप खाली जाते ही तक्रार चमत्कारिक वाटते, पण कारण एवढंच असतं. इथे ॲडजस्टर फिरवून काही होत नाही, आउटर बदलून लांब टाकावं लागतं.

परत परत येणाऱ्या बिघाडांत या आउटरचा वाटा मोठा असतो. सायकल गाडीत घालायची म्हणून पोस्ट फ्रेममध्ये चार सेंटिमीटर खाली ढकलला, पोचल्यावर वर ओढला. दरवेळी बॉटम ब्रॅकेटजवळचं आउटर दुमडतं, सरळ होतं, पुन्हा दुमडतं. एक दिवस तिथे कोन पडतो आणि केबल आत घासायला लागते. वरून काहीच दिसत नाही. सीटची उंची ठरली की पोस्ट फ्रेममध्ये हलवू नका. हलवलाच, तर पुढून आउटर तेवढंच आत-बाहेर करा.

बाटलीच्या स्टँडचे बोल्टही बघा. सीट ट्यूबवरचे (पोस्ट बसतो त्या फ्रेमच्या नळीवरचे) बोल्ट लांब असले तर आत शिरून आउटरवर किंवा थेट पोस्टवर टेकतात. पोस्टवर एकाच रेषेत खोल ओरखडा दिसला की पहिला संशयित हाच. आखूड बोल्ट लावले की विषय मिटतो.

नवी केबल टाकताना गिअर केबलचं ४ मिमी आउटर वापरा. ब्रेकचं ५ मिमी आउटर जाड आणि ताठ असतं, फ्रेमच्या आतल्या वळणांवर ते नीट वळत नाही. आउटर पकडीने कापू नका, केबल कटर वापरा. कापल्यावर आतलं प्लास्टिकचं अस्तर चेपलेलं असतं, ते सुईने किंवा टोच्याने पुन्हा गोल करा. टोक कानशीने सपाट करा, मगच टोपी घाला. टोक तिरकं राहिलं तर टोपीत ते रोज थोडं थोडं बसत जातं, केबल सैल पडत जाते आणि तुम्ही दर आठवड्याला ॲडजस्टर फिरवत बसता. आतली तार स्टेनलेसचीच घ्या. आउटरमध्ये शिरलेलं पाणी सगळ्यात खालच्या वळणाशी साचतं आणि गंज तिथून सुरू होतो. फ्रेमच्या तळाला पाणी निघायचं भोक असेल तर ते चिखलाने बुजलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

लिव्हरकडे एक नजर पुरे. तो सोडल्यावर स्वतः मागे येतो का? येत नसेल तर पिव्होटचा (लिव्हर ज्याभोवती फिरतो तो) बोल्ट जास्त आवळलेला आहे किंवा त्यात माती आहे.

सीट स्प्रिंगसारखी दबते तेव्हा

पोस्ट पूर्ण वर आहे, केबल सैल करून झाली, तरी बसल्यावर सीट पाच-दहा मिलिमीटर दबते आणि उठलं की परत वर येते. हे मात्र पोस्टच्या आतलं प्रकरण आहे. हायड्रॉलिक ड्रॉपरमध्ये तेल सीटला जागेवर धरून ठेवतं आणि दाबाखालची हवा तिला वर ढकलते. तेल दबत नाही, हवा दबते. हवा तेलाच्या बाजूला शिरली की सीट मऊ लागते. जितकी जास्त हवा, तितकी जास्त दबणार.

ती तिथे जाते कशी? सील झिजून जातेच. पण हातभार आपणही लावतो. सीट खाली असताना सीटला धरून सायकल उचलणं हे त्यातलं सगळ्यात नेहमीचं. सीट खाली आहे, व्हॉल्व्ह बंद आहे आणि सायकलचं सगळं वजन सीटला वर खेचतंय. आतली ओढ उलट्या दिशेने पडते आणि बऱ्याच पोस्टमध्ये सीलच्या कडेने हवा तेलात ओढली जाते. पायऱ्यांवरून सायकल नेताना, गाडीच्या रॅकवर चढवताना, सीटच्या टोकावर सायकल टांगून ठेवताना नेमकं हेच होतं. सायकल फ्रेमला धरून उचला. सीटला धरायचंच असेल तर आधी सीट पूर्ण वर घ्या. सर्व्हिसिंगनंतर महिनाभरात पुन्हा मऊ पडणाऱ्या पोस्टचा मालक सायकल कशी उचलतो ते आधी बघावं असं माझं मत आहे.

उपाय पोस्टच्या प्रकारावर ठरतो. बाइकयोक कंपनीच्या रिव्हाइव्ह पोस्टला डोक्याजवळ एक छोटा व्हॉल्व्ह आहे. तो ॲलन कीने उघडून सीट खाली दाबली की अडकलेली हवा आपल्या जागी परत जाते. रॉकशॉक्स कंपनीचा रिव्हर्ब २०१० मध्ये आला. त्याच्या पुढच्या काही पिढ्यांत अशाच कामासाठी व्हेंट व्हॉल्व्ह दिलेला आहे. सीलबंद कार्ट्रिजच्या पोस्टमध्ये अशी सोय नसते. तिथे कार्ट्रिज काढून नवीन घालायचं, आणि ते काम घरीही होतं. बाकी पोस्टना तेल बदलून पूर्ण सर्व्हिसिंग लागते. दाबाखालच्या हवेशी खेळण्याची हौस नसेल तर ते मेकॅनिककडेच द्या.

सीट मऊ नाही, पण वर यायला आळशी आहे आणि क्लॅम्प-केबल दोन्ही ठीक आहेत, अशा वेळी हवेचा दाब बघा. हवा भरायचा व्हॉल्व्ह काहींना सीटच्या पकडीखाली असतो, काहींना बुडाशी, आणि काही कार्ट्रिजना नसतोच. सीट पूर्ण वर घ्या, शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा) लावा, टायरचा पंप नाही. दाब पोस्टवर किंवा माहितीपत्रकात दिला असेल तेवढाच भरा. पंप जोडताना थोडी हवा त्याच्या नळीत जाते, त्यामुळे काट्यावर आकडा आधीपेक्षा कमी दिसतो. तेवढ्यावरून गळती आहे असा निष्कर्ष काढू नका. भरून ठेवा आणि काही दिवसांनी सीट कशी येते ते बघा. पुन्हा मंदावली तर गळती खरी. थंडीत मात्र प्रत्येक ड्रॉपर थोडा जड होतो. तेल आणि ग्रीस दोन्ही घट्ट होतात, त्याला बिघाड म्हणायचं नाही.

डुलणं आणि करकरणं

सीट टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवली की केसभर फिरते, हे बहुतेक ड्रॉपरमध्ये नव्यापासून असतं. चालवताना जाणवतही नाही. वाढत चाललं तर सीटला फिरू न देणाऱ्या आतल्या पितळी किल्ल्या (छोट्या पट्ट्या) झिजल्या. त्या वेगवेगळ्या जाडीत मिळतात आणि त्यांवर मापाची खूण असते. जुन्यांपेक्षा एक माप जाड घ्या आणि सगळ्या एकाच मापाच्या घाला. पुढे-मागे ठोकल्यासारखा प्ले (ढिलेपणा) असेल तर बुश गेला.

करकर आवाजासाठी पोस्टला सगळ्यात शेवटी धरा. उभं राहून पेडल मारताना आवाज येतोय का ते बघा. येत असेल तर पोस्टचा संबंध नाही. फक्त बसल्यावरच येत असेल तर आधी सीटखालच्या दांड्या आणि पकडीचे बोल्ट पुसून, योग्य टॉर्कवर आवळून बघा.

सील आणि ग्रीस: पंधरा मिनिटांचं काम

चिखलातून आल्यावर सीट वर घ्या आणि चकचकीत नळी ओल्या मऊ कापडाने पुसा, मग कोरड्या कापडाने. सीलच्या ओठाभोवती चिखलाचं एक बारीक वलय जमतं, ते नखाने नाही, कापडाच्या कडेने काढा. चिखल वाळल्यावर सीट तशीच खाली-वर केली तर तीच माती सीलच्या आत ओढली जाते. प्रेशर वॉशरचा झोत सीलवर कधीच मारू नका. पाणी आत जातं ते बाहेर येत नाही.

दर काही आठवड्यांनी, चिखल जास्त असेल तर आधीच, कॉलर उघडा. बऱ्याच पोस्टना ती हाताने फिरते. सुटल्यावर ती नळीवर वर सरकवा. खाली राखाडी, दाणेदार ग्रीस दिसलं तर वेळेवर उघडलंत. पूर्ण पुसून काढा, बुश दिसत असेल तर तोही पुसा, आणि सस्पेन्शनसाठीचं पातळ ग्रीस बोटाने एक थर लावा. स्लिकोलियम किंवा स्रॅमचं बटर यांसारखं. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस इथे चालत नाही, त्याने सीट आणखी जड होते. चेनचं तेल आणि डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको. पहिले दोन दिवस सीट लोण्यासारखी पळते आणि मग आतलं ग्रीस धुऊन निघाल्यावर कोरडी पडते. फवारा मारला की बरं होतं, आठवड्यात पुन्हा अडकतं, म्हणून पुन्हा फवारा, ही सवय लागलेल्या पोस्टचे बुश लवकर झिजतात.

कॉलर हाताने घट्ट बसवा, सीट आठ-दहा वेळा पूर्ण खाली-वर करा आणि वर आलेलं जादा ग्रीस पुसून टाका. पुसताना नळीवरून नख फिरवा. नख अडेल इतका खोल चरा असेल तर तो सील कापत राहणार, मग कितीही ग्रीस भरा. म्हणूनच सायकल स्टँडला लावताना पकड चकचकीत नळीवर नको. सीट वर घेऊन खालच्या, बाहेरच्या नळीला पकड लावा. तीही हलकीच.

नवा घ्यायचा असेल तर

वरच्या बऱ्याच तक्रारींचं बी खरेदीतच पेरलेलं असतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो ड्रॉपचा (सीट किती मिलिमीटर खाली जाते त्याचा) आकडा, आणि लोक तोच बघून घेतात. त्याआधी तीन मापं घ्या.

पहिलं माप व्यासाचं. नेहमीचे आकडे २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिमी. जुन्या पोस्टवर आकडा कोरलेला असतो, नसेल तर व्हर्नियर कॅलिपर लावा. २७.२ मध्ये पर्याय कमी आणि ड्रॉप आखूड. दोन व्यास शिमने चालत असतील तर जाड पोस्ट घ्या, तो कमी वाकतो.

दुसरं माप असं. पेडल मारायला योग्य उंचीवर सीट ठेवा आणि फ्रेमच्या क्लॅम्पच्या वरच्या कडेपासून सीटच्या दांड्यांपर्यंत मोजा. समजा २३५ मिमी आलं. नव्या पोस्टच्या माहितीत, सीट पूर्ण खाली असताना कॉलरच्या खालच्या कडेपासून दांड्यांपर्यंतची उंची बघा. ती ४५ मिमी असेल तर १८० चा ड्रॉप बसतो, कारण १८० आणि ४५ मिळून २२५ होतात. २०० चा बसत नाही. तो घेतला तर पूर्ण वर आल्यावर सीट १० मिमी जास्त उंच राहील, आणि दर चढाला पाय ताणत बसाल. काही पोस्टमध्ये आत अंतर भरणारा छोटा तुकडा (त्यालाही शिमच म्हणतात) घालून ड्रॉप १०-२० मिमी कमी करता येतो, अशा वेळी ती सोय कामाला येते.

तिसरं माप बहुतेक जण घेत नाहीत, आणि केबलची अर्धी दुखणी तिथूनच येतात. फ्रेमच्या नळीत पोस्ट किती खोल जाऊ शकतो? आत वाकण असतं, सस्पेन्शनचा पिव्होट असतो, बाटलीचे बोल्ट असतात. सरळ काठी घालून ती कुठे अडते ते मोजा. वरच्याच उदाहरणात पोस्टची दांड्यांपासून ॲक्च्युएटरच्या टोकापर्यंतची लांबी ४९० मिमी असेल, तर २३५ बाहेर राहून २५५ आत जाणार. फ्रेममध्ये खोली २६० असेल तर कागदावर बसतो. प्रत्यक्षात आउटरला वळायला पाचच मिलिमीटर उरतात, आणि ते पहिल्याच दिवशी दुमडतं. निदान दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. नसतील तर कमी ड्रॉपचा घ्या. माझ्या मते १५० चा नीट चालणारा पोस्ट २०० च्या कुरकुरणाऱ्या पोस्टपेक्षा केव्हाही बरा. उलट टोकाला, पोस्टवरच्या किमान खोलीच्या खुणेपेक्षा तो बाहेर काढायचा नाही. उंची कमी पडत असेल तर लांब पोस्टच लागतो.

वायरलेस घ्यावा का? रॉकशॉक्सचा २०१९ मध्ये आलेला रिव्हर्ब एएक्सएस हा असा एक पर्याय आहे, आणि ज्यांच्या फ्रेममध्ये केबलची वाट वाकडी आहे त्यांचा त्रास त्याने खरोखर संपतो. बदल्यात बॅटरी सांभाळावी लागते, लिव्हरमधला बटण सेलही. क्लॅम्पची अडचण मात्र तिथेही तशीच. मोटरचा आवाज येतो पण सीट हलत नाही, असं झालं तर आधी क्लॅम्पच सैल करा.

वाटेत बंद पडला तर

केबल तुटली तर व्हॉल्व्ह बंदच राहतो, सीट जिथे आहे तिथे थांबते. ती खाली असेल तर पोस्ट बाहेर काढा, बुडाचा ॲक्च्युएटर हाताने दाबून सीट पूर्ण वर येऊ द्या आणि पोस्ट परत घाला. निघताना क्लॅम्पच्या मापाची ॲलन की जवळ हवी, एवढंच. वायरलेसची बॅटरी संपली आणि सीट खाली राहिली तर क्लॅम्प सोडून अख्खा पोस्ट किमान खुणेपर्यंत वर घ्या. केबलच्या पोस्टमध्ये हे करताना आउटरला किती ढील आहे ते आधी बघा.

सीट वर राहतच नसेल, तर सरकणाऱ्या नळीच्या व्यासाचा प्लास्टिक पाइपचा एक तुकडा, लांबीत एक चीर देऊन, कॉलर आणि सीटच्या मध्ये नळीवर बसवता येतो. त्याची लांबी आपल्या ड्रॉपइतकी किंवा थोडी कमी ठेवा. लांबच्या राइडला जाणारे काही जण तो बॅगेत ठेवतात. वजन नगण्य. कापल्यावर कडा सँडपेपरने गुळगुळीत करून घ्या आणि बसवण्याआधी तुकडा आतून पुसा, नाहीतर आत चिकटलेली वाळू नळीवर चरे पाडेल.